सहावं बटण

बटणांच्या बाबतीत आपल्याला कुणी अक्कल शिकवावी, हे बाईंना खपणारं नव्हतं. एकेचाळीस वर्षं त्यांनी शिलाईचं दुकान चालवलं होतं. कापायचं काम मास्तरांचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं. काज, बटण, इस्त्री, गिऱ्हाईक आणि भांडण, हे सगळं बाईंचं. त्यामुळे रिमोटवाल्यानं काउंटरवर तीन रिमोट मांडून, पहिल्याला एकोणपन्नास बटणं आहेत असं छाती फुगवून सांगितलं, तेव्हा बाईंनी तो उचलून पालथा घातला.

“कोटालासुद्धा एवढी लागत नाहीत. पुढचा दाखवा.”

पुढचा काळा, गुळगुळीत, काचेचा.

“हा रिमोट आहे की आरसा?”

“बोट नुसतं फिरवायचं, आजी.”

“आजी तुमच्या घरी. मला बाई म्हणतात. आणि ज्यांच्यासाठी घ्यायचाय, त्यांचा एक अंगठा आणि दोन बोटं चालतात, तीसुद्धा मनात आलं तर. ते काय फिरवणार?”

शेजारी उभ्या असलेल्या सुनेनं खाली मान घातली. ती हसत होती की लाजत होती, ते बाईंनी बघितलं नाही. त्यांचं लक्ष तिसऱ्या रिमोटवर होतं. जाडजूड, रबरी, साबणाच्या वडीसारखा. त्यावर फक्त सहा बटणं, एकेक ओव्हरकोटाच्या बटणाएवढं. बाईंनी सहाही दाबून पाहिली. दाबलं की दाबल्यासारखं वाटत होतं, आणि सोडलं की वर येत होतं.

“हा द्या.”

“याला शिकवावं लागतं पण,” रिमोटवाला म्हणाला. “येतो तेव्हा कोरा असतो. कुठल्या बटणानं काय करायचं, ते आपण सांगायचं. जुने रिमोट आणलेत ना?”

सुनेनं पिशवीतून दोन जुने रिमोट काढले, एक टीव्हीचा, एक पंख्याचा.

आता हे सगळं कशासाठी, तर मास्तरांच्या अंगठ्यासाठी. आठ महिन्यांपूर्वी मास्तर कापायच्या टेबलाशी उभे असतानाच कोसळले. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. माणूस डावखुरा, म्हणून कात्रीचा हात तेवढा थोडाफार वाचला. समजतं किती, हे आत्ताच सांगता येणार नाही, विचारत राहा, मान हलवू द्या, असं डॉक्टर म्हणाले. विचारलं. पाणी हवं का? मान हलली, हो. पाणी नको का? तरीही हो. एकदा शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, “मी कोण, ओळखलंत? मी तुमची बायको ना?” मास्तरांनी मान हलवली. सोबत आलेल्या दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. बाईंनी तिघींना दार दाखवलं आणि घराला हुकूम सोडला, “आजपासून त्यांना कुणी काही विचारायचं नाही. माझा नवरा म्हणजे मान डोलवणारं खेळणं नव्हे.”

बाईंचा हुकूम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी विचारेना. आणि विचारेना म्हणून हळूहळू सगळ्यांचं असंच ठरून गेलं, की मास्तरांना काही कळत नाही. सकाळी टीव्ही लावायचा आणि झोपताना बंद करायचा. मधल्या वेळात बाईंना जे बोलायचं असेल ते त्या मास्तरांच्या उशाशी बसूनच बोलायच्या. भिंतीशी बोलताना कोण आवाज उतरवतं?

मग बाईंची कंबर गेली. मास्तरांना कुशीवर वळवता वळवता एक दिवस त्या स्वतःच पलंगाच्या कडेला वाकून राहिल्या, त्या तासभर सरळ झाल्या नाहीत. त्याच आठवड्यात ठरलं. महिनाअखेरीस मास्तरांना शहराबाहेरच्या सेवाघरात ठेवायचं. मुलगा कामापायी दूर राहायचा, तो फोनवरच हो म्हणाला. सून तेवढी चाचरली. “एकदा बाबांना विचारून...” बाईंनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

“तिथं काय नि इथं काय, त्यांना कुठं कळतंय!”

हे वाक्य बाईंनी इतक्यांदा इतक्या लोकांना सांगितलं होतं, की ते घासून घासून गुळगुळीत झालं होतं. आता ते म्हणताना घशाला लागत नव्हतं.

तेवढ्यात व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, की अंगठ्याला काहीतरी काम द्या, नाहीतर तोही जाईल. दाबायला काहीतरी द्या. म्हणून हा रिमोट. सेवाघरातही सोबत नेता येईल, असा बाईंचा हिशेब.

रिमोटवाल्यानं नवा आणि जुना रिमोट काउंटरवर तोंडाला तोंड लावून ठेवले.

“हे बघा, जुना बोलतो आणि नवा ऐकतो. एकदा ऐकलं की विसरत नाही. बोला, पहिल्या बटणावर काय?”

“आवाज मोठा.”

त्यानं जुन्याचं बटण दाबलं. नव्यावर लाल दिवा दोनदा लुकलुकला.

“दुसऱ्यावर?”

“आवाज बारीक. तिसऱ्यावर ती दुपारची मालिका, जिच्यात दोन्ही जावा एकाच घरात राहून कोर्टात भांडतात. चौथ्यावर बातम्या. पाचव्यावर पंखा, एकदा दाबला की जोरात, पुन्हा दाबला की आणखी जोरात.”

“मालिका मास्तरांना आवडते?”

“मला आवडते. मी तिथंच बसते ना.”

“नाही, म्हणजे त्यांना काय आवडतं ते टाकलं असतं.”

नवऱ्याला टीव्हीवर काय आवडतं, हे बाईंना आठवेना. घरचा रिमोट कायम त्यांच्याच हातात असायचा. मास्तर रात्री जेवून, भिंतीला टेकून, जे लागलं असेल ते बघायचे.

“मी सांगितलं तेवढं टाका.”

“आणि टीव्ही बंद करायचं?”

“ते नको. चुकून दाबतील आणि अंधाऱ्या पडद्याकडे बघत पडतील दिवसभर. बंद-चालू आम्ही करू.”

“मग सहावं रिकामं राहतं. रिकामं ठेवू नये, बाई. माणूस दाबत राहतो आणि काही होत नाही म्हणून चिडतो. आवाज एकदम बंद, असं टाकतो. पुन्हा दाबलं की परत चालू.”

“टाका काय टाकायचं ते,” बाई म्हणाल्या. त्यांचं निघायचं लक्षण दिसत होतं.

घरी आल्यावर बाईंनी आपली विद्या चालवली. पांघरुणाच्या डाव्या कडेला जाड कापडाचा खिसा शिवला, वरच्या बाजूला सहा बटणं उघडी राहतील असा कापला, आणि रिमोट त्यात बसवला. मास्तरांचा हात त्यावर ठेवला. अंगठा बरोबर खालच्या ओळीवर आला.

“दाबा,” बाई म्हणाल्या.

मास्तर छताकडे बघत राहिले.

“दाबा म्हणते ना! एवढी पायपीट करून आणलंय.”

काही नाही. चार दिवस काही नाही. बाई सुनेला म्हणाल्या, “पालथ्या घड्यावर पाणी. मी आपली वेडी.”

पाचव्या दिवशी सेवाघराचा कारकून आला, हातात कागदांची चळत घेऊन. बाहेरच्या खोलीत बसला. मधल्या खोलीत मास्तर, तिथं मालिकेतल्या जावा एकमेकींच्या नावानं ओरडत होत्या. कारकुनानं माहिती विचारायला सुरुवात केली, औषधं कोणती, पथ्य काय, झोप कशी. आणि एकाएकी आतल्या जावा गप्प झाल्या.

बाईंनी डोकावून पाहिलं. पडद्यावर तोंडं हलत होती, आवाज नव्हता. मास्तर छताकडे बघत होते.

“बिघडला वाटतं,” त्या परत येऊन बसल्या. “हं, पुढं विचारा.”

“आमच्याकडे बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत,” कारकून म्हणाला. “झटका आलेल्या माणसांना त्या परत शब्द शिकवतात. आठवड्यातून चार दिवस. वेळ लागतो, पण काही जण बोलायला लागतात. त्यांचं नाव लिहू यात?”

“ते खोडा.”

“एकदा बघून...”

“खोडा म्हणते ना. ज्याला कळतच नाही, त्याला शिकवून काय उपयोग? खुर्चीला बोलायला शिकवणार का तुम्ही? त्यांना आंघोळ, जेवण आणि स्वच्छ चादर, एवढं मिळालं की झालं.”

कारकुनानं कागदावर आडवी रेघ ओढली. तो गेल्यावर थोड्या वेळानं जावा पुन्हा ओरडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. बाई तिला सेवाघराचं सांगत होत्या, आणि टीव्ही पुन्हा मुका. त्याच्या पुढच्या दिवशी स्वयंपाकघरात सुनेशी, मास्तरांबरोबर कुठले शर्ट द्यायचे यावरून, वाजलं. पुन्हा आवाज गायब. बाईंची तळपायाची आग मस्तकाला गेली. आणलेली वस्तू आठ दिवसांत फसवते म्हणजे काय! खिशाची शिवण उसवून त्यांनी रिमोट काढला आणि एकट्याच तरातरा दुकानात गेल्या.

“धरा तुमचं हे शिकलेलं बाळ. मनाला येईल तेव्हा टीव्हीची जीभ कापतंय.”

रिमोटवाल्यानं शांतपणे मागचं झाकण काढलं, बॅटऱ्या पाहिल्या, रबर उचलून आत फुंकर मारली. सहावं बटण वीस वेळा दाबलं. दुकानातला टीव्ही वीस वेळा गप्प झाला आणि बोलला. मग त्यानं रिमोट नुसता काउंटरवर ठेवून दिला आणि दोघं पाच मिनिटं त्याच्याकडे बघत उभे राहिले. रिमोटनं काही केलं नाही.

“यात काही नाही, बाई.”

“म्हणजे मी खोटं बोलते?”

“तसं नाही. कधीकधी घरातलं दुसरं काहीतरी खोडी करतं. आवाज जातो तेव्हा घरात काय चालू असतं? मिक्सर? ट्यूबलाइट लुकलुकते? लिफ्ट आहे?”

“काही नाही. पहिल्यांदा गेला तेव्हा ते सेवाघराचे कारकून आले होते.”

“आणि?”

“आणि मग माझ्या बहिणीचा फोन होता. मग सुनेशी जरा बोलणं झालं, मास्तरांच्या कपड्यांवरून. सेवाघरात कुठले...”

बाई थांबल्या.

“मालिका चालू असताना गेला का कधी? तुम्ही नुसत्या बसलेल्या असताना?”

“नाही.”

“जेवताना? झाडलोट करताना?”

“नाही.”

“मग परत आपोआप येतो?”

“बोलणं संपलं की येतो,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण दुसऱ्याच कुणाच्या तोंडून यावा तसा आला.

रिमोटवाल्यानं मागचं झाकण बसवलं. “रिमोट चांगला आहे, बाई. कुणीतरी दाबतंय.”

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली असं म्हणावं, तर जमीन जागेवरच होती. सरकले होते ते आठ महिने. एकेक दिवस उलटा होऊन समोर यायला लागला. उशाशी बसून आपण बहिणीला काय म्हणालो होतो? “मेला असता तर रडून मोकळी झाले असते.” व्यायामवालीला काय? “नुसतं पोतं आहे, फिरवा कसंही.” सुनेला, चादर बदलताना, नाक दाबून, काय म्हणालो होतो? ते तर बाईंना मनातसुद्धा पुन्हा म्हणवेना. आणि मास्तर छताकडे बघत होते. छताकडे बघत सगळं ऐकत होते. पहिल्या दिवसांत नसेल कळत. मग कधी कळायला लागलं? कुठल्या महिन्यात? कुठल्या वाक्याला?

“बाई, पाणी देऊ? बसा जरा.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी बसा म्हटलं आणि बाई बसल्या.

घरी पोचल्या तेव्हा सून भांडी पुसत होती. बाईंनी एक शब्द न बोलता रिमोट खिशात ठेवला, मास्तरांचा हात त्यावर ठेवला. तोंडाकडे बघायचा धीर झाला नाही. टीव्हीचा आवाज मोठा करून त्या स्वयंपाकघरात आल्या. सुनेच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, “सेवाघरवाले सोमवारी गाडी पाठवतायत.”

टीव्ही गप्प झाला.

“गेला परत आवाज,” सून म्हणाली. “दुकानातून बरा करून आणलात ना?”

बाईंनी ओट्याची कड धरली. सून घाबरली, “आई, काय होतंय? कंबर का?”

“तुझ्या सासऱ्यांना कळतंय,” बाई म्हणाल्या.

सुनेच्या हातातलं ताट खणकन खाली पडलं. दोघींपैकी कुणीच ते उचललं नाही.

मधल्या खोलीत जायला दहा पावलं. बाईंना ती संपेनात. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या. मास्तर अजूनही वरच बघत होते, पण आता ते छताकडे बघत आहेत असं बाईंना वाटेना. ते आपल्याकडे बघायचं टाळतायत, असं वाटलं. माफी मागायची जिभेला सवय नव्हती. शिलाईच्या दुकानात एखादा काज तिरका आला, तर बाई उसवून पुन्हा घालायच्या, पण चुकलं म्हणायच्या नाहीत. त्यामुळे त्यांनी जे जमत होतं तेच केलं. हुकूम सोडला, पण हळू आवाजात.

“ऐका. हो असेल तर ते आवाज बंद-चालूचं बटण. नाही असेल तर पंख्याचं. मी तुमची सासू आहे का?”

अंगठा हळूहळू सरकला. पंखा भर्रकन फिरायला लागला.

दारात उभ्या सुनेच्या तोंडून “अगं बाई!” निघालं.

“मी तुमची बायको?”

टीव्हीतून जावांचा आवाज एकदम फुटला. बाई दचकल्या, छातीवर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पंख्याच्या वाऱ्यावर ढकललं.

आता खरा प्रश्न. त्याचं उत्तर काय येणार हे बाईंनी दहा पावलांतच ठरवून टाकलं होतं. पंखा. पंखा फिरला की उठायचं, कारकुनाला फोन लावायचा, कागद फाडा म्हणायचं, आणि कंबरेला पट्टा बांधून कामाला लागायचं. म्हणजे झालं गेलं फिटलं.

“तुम्हाला त्या सेवाघरात जायचंय का?”

टीव्ही गप्प झाला.

बाईंना वाटलं चुकून दाबलं. “नीट दाबा. जायचंय? इथून? मला सोडून?”

आवाज सुरू झाला.

“आई, त्यांनी हो म्हटलंय,” सून पुटपुटली. “दोनदा.”

“मला कान आहेत.”

मघाशी दुकानात बसला तो धक्का बरा, असं वाटायची वेळ आली. आपण माणूस घराबाहेर काढत होतो, ते वेगळं. पण माणूस स्वतःच निघाला! एकेचाळीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून काढलेली. बाईंना राग आला. आणि खूप दिवसांनी त्यांना नवऱ्याचाच राग आला, अंथरुणाचा नव्हे, कंबरेचा नव्हे.

“मला कंटाळलात?”

अंगठा हलला नाही. मग हलला. टीव्ही गप्प.

“बरं,” बाई म्हणाल्या. “बरंच झालं, खरं बोललात.” तो तिखटपणा आपोआप आला. “मी काय बोलले ते सगळं ऐकलंत?”

हो.

“ते, चादर बदलताना बोलले तेही?”

हो.

बाईंनी पांघरुणाची शिवण बोटानं चाचपली. आपणच घातलेली, बारीक आणि सरळ. विचारायचं म्हणजे काय करायचं हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं. जन्मभर सांगितलं होतं. अंधारात सुईत दोरा ओवावा तसे त्यांनी प्रश्न ओवायला सुरुवात केली. रागानं चाललात का? पंखा आणखी जोरात. माझ्या कंबरेसाठी? पंखा. खोलीतलं कॅलेंडर भिंतीवर आपटायला लागलं. इथलं जेवण? पंखा एवढा सुटला, की सुनेला दार धरावं लागलं.

“मग काय आहे तिथं एवढं? आंघोळ, जेवण, चादर. दुसरं आहे तरी काय?”

याला हो-नाही उत्तर नव्हतं. अंगठा नुसता बटणावर पडून राहिला. पण मास्तरांनी पहिल्यांदा छतावरून नजर काढली आणि बायकोकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. जीभ उचलली, टाळ्याशी नेली, आणि ती तिथून पडली. पुन्हा उचलली. पुन्हा पडली.

बाई स्टुलावरून पुढं वाकल्या.

“त्या शिकवणाऱ्या बाई,” त्या म्हणाल्या. “ज्या मी खोडायला लावल्या.”

टीव्हीचा आवाज आला.

“तुम्हाला बोलायचंय.”

गेला.

“माझ्याशी?”

आला. आणि लगेच पुन्हा गेला, आणि पुन्हा आला. अंगठा थांबेना. बिचाऱ्या त्या दोघी जावा अर्धं अर्धं वाक्य बोलून गप्प होत होत्या. सून हसतही होती आणि रडतही होती, आणि पंख्याच्या वाऱ्यात तिचे केस तोंडावर येत होते.

बाई उठल्या. फोन लावला. कारकुनाला म्हणाल्या, “मी मास्तरांच्या घरून बोलतेय. तुमच्या कागदावरची ती आडवी रेघ पुसा. हो, मीच सांगितलं होतं. माझं चुकलं.” हे शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं, आपल्याच घरात कुणी अनोळखी शिरल्यासारखं. “आणि कायमचं नाव लिहू नका. तीन महिने लिहा. पुढचं अजून ठरायचंय.”

पंख्याचा जुना रिमोट शोधून त्यांनी पंखा खाली आणला आणि परत स्टुलावर येऊन बसल्या. अंगठा आता दमला होता. एकच प्रश्न राहिला होता. त्यांनी तो दोनदा मनात उसवला आणि तिसऱ्यांदा विचारला.

“बोलायला लागलात की... मग इकडे परत यायचंय का?”

आठ महिन्यांच्या बोलण्यानंतर याचं उत्तर मागायचा आपल्याला हक्क नाही, हे बाईंना ठाऊक होतं. अंगठा हलला नाही. मास्तर त्यांच्याकडेच बघत होते. सहावं बटण, पाचवं बटण, मध्ये बोटभर जागा, आणि अंगठा त्या जागेवर. मिनिट गेलं. दुसरं गेलं.

“आई, जेवण थंड होतंय,” सुनेनं आतून हाक मारली. “बाबांचं आणू का?”

“थांब जरा,” बाई म्हणाल्या. “मास्तर विचार करतायत.”